घाटात हिसके मारणारी स्कोडा व्हीआरएस : गिअरबॉक्स खोलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. कराडच्या एका तरुणानं दोन वर्षांपूर्वी २०१८ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतली, २३० अश्वशक्तीवाली, सेकंडहँड. मीटरवर आता ७१,००० किमी. वाईवरून पसरणी घाट चढताना, गाडीत चार माणसं, एसी चालू, चौथ्या-पाचव्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी हिसके मारते. एकदा चेक लाइट लुकलुकला, ईपीसी (इंजिनाच्या ताकदीवरच्या नियंत्रणाचा इशारा-दिवा) लागला आणि गाडीचा जीवच गेला. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवली, परत चालू केली, तर महाबळेश्वरपर्यंत सुतासारखी सरळ गेली. शिवाय सिग्नलवरून निघताना खालून 'धप्प' असा आवाज येतो. एका ठिकाणी दाखवली तर मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक आणि व्हॉल्व्हचा संच, गेलंय, दीड-दोन लाख धरून चाला, असं सांगण्यात आलं. आता काय करू?

आधी गिअरबॉक्सला कुणाला पाना लावू देऊ नका. मी साताऱ्यात एमआयडीसीत गॅरेज चालवतो. चोवीस वर्षं झाली, त्यातली मागची बारा टर्बो पेट्रोल आणि डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाड्यांतच गेली. "दादा, गिअरबॉक्स गेलाय म्हणत्यात" असं म्हणत गाडी घेऊन येणारे महिन्याला दोन-तीन तरी असतात. त्यातल्या थोड्यांचाच खरा गिअरबॉक्स निघतो. बाकीच्यांचा प्लग, प्लगला वीज देणारी कॉइल, हवेचा फाटलेला पाइप, नाहीतर इंजिनाचं माउंटिंग. तुमचं वर्णन वाचून मला हिसका इंजिनाचा वाटतो आणि तो 'धप्प' तिसऱ्याच जागेचा. दोन दुखणी आहेत, ती एका माळेत ओवली गेली आणि माळेची किंमत दोन लाख झाली.

असं का म्हणतो, ते सांगतो. तुम्ही एक गोष्ट फार नेमकी लिहिलीत : चेक लाइट लुकलुकला. नुसता लागून राहिलेला दिवा म्हणजे सवडीनं बघा. लुकलुकणारा दिवा म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये, मिसिंग चालू आहे, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. कॅट वितळू नये म्हणून संगणक त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून टाकतो. चारातला एक गेला, गाडीचा जीव गेला. इग्निशन बंद करून परत चालू केलं की संगणक त्या सिलिंडरला पुन्हा संधी देतो, आणि पाय हलका असेल तर तो नीट चालतोही. तुमचं 'पाच मिनिटांनी आपोआप बरी झाली' ते हे. मेकॅट्रॉनिक असं वागत नाही. गिअरबॉक्सचा संगणक रुसला तर मीटरमधली गिअरची खूण लुकलुकते, रिव्हर्स मिळत नाही, किंवा गाडी एखाद्या गिअरला अडकून बसते. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

मग घाटातच का होतं? कराड-सातारा हायवेला का नाही? या इंजिनाचा ३५० न्यूटन मीटर टॉर्क दीड हजार आरपीएमपासूनच हजर असतो. डीएसजी 'डी'मध्ये असली की पेट्रोल वाचवायला लवकर वरचा गिअर टाकते. चढावर तुम्ही १,८०० आरपीएमला पाय दाबता, टर्बो पूर्ण दाबानं हवा कोंबतो, सिलिंडरमध्ये मिश्रण दाट होतं. दाट मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची गॅप झिजून वाढलेली असेल किंवा कॉइलला बारीक तडा असेल तर ठिणगी प्लगच्या टोकावर उडण्याऐवजी बाहेरूनच बॉडीला पळते. सपाट रस्त्यावर इंजिन इतका दाब मागतच नाही, म्हणून तिथं गाडी गुणी वाटते.

याची परीक्षा तुम्ही स्वतः, फुकटात करू शकता. घाटातला ओळखीचा एक चढ निवडा, पहाटे रस्ता मोकळा असताना. एकदा 'डी'मध्ये पन्नासच्या वेगानं चढा आणि हिसका येतो का बघा. मग तोच चढ, तोच वेग, पण मॅन्युअलला घेऊन तिसरा गिअर. वेग तोच असल्यामुळे ताकद तेवढीच लागते, पण आरपीएम वाढल्यामुळे प्रत्येक फटक्यावरचा भार कमी होतो. तिसऱ्यात हिसका गायब झाला तर बोट ठिणगीकडे दाखवायचं. दुसरी खूण आरपीएमच्या काट्याची. क्लच घसरत असेल तर काटा वर पळतो आणि गाडी मागे राहते. मिसिंगमध्ये काटा जागच्या जागी थरथरतो आणि अंगाला धक्के बसतात. ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचचा खरा थरकाप तर पहिल्या-दुसऱ्या गिअरला, मुंगीच्या पावलांनी गाडी सरकवताना जाणवतो; पन्नास-साठच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये तो शोधू नये.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, फसून शिकलोय. सात-आठ वर्षांपूर्वी फलटणची एक गाडी आली होती, हाच गिअरबॉक्स, हीच तक्रार. मीही तेव्हा हुशारीत होतो. गाडी खोलली, गिअरबॉक्स खाली घेतला, क्लच पॅक टेबलावर मांडला. दोन दिवस गेले. क्लच ठीक, ऑइल ठीक. सगळं परत जोडून यवतेश्वरच्या घाटात नेली तर पहिल्याच वळणावर तोच हिसका. परत आल्यावर पोरानं प्लग काढले. त्यातल्या एकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली पेन्सिलीनं ओढावी तशी काळी बारीक रेघ होती. ठिणगी बाहेरून पळाल्याची खूण. नखानं खरवडली तरी जाईना. मजुरीचं बिल फाडलं आणि फक्त प्लगचे पैसे घेतले. तो प्लग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन पोरगा कामाला लागला की आधी तो हातात देतो.

तेव्हा क्रम असा. स्कॅनर आधी, पाना नंतर. पण स्कॅनर कुठला, तेही बघा. तीन-चारशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र इंजिनाचे ढोबळ कोड दाखवतं, गिअरबॉक्सपर्यंत ते पोचतच नाही. वीसीडीएस (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांचा लॅपटॉपवरचा स्कॅनर) किंवा त्या तोडीचं काहीतरी हवं. त्यात ०१ म्हणजे इंजिन, ०२ म्हणजे गिअरबॉक्स. दोन्हींचे कोड मिटवण्याआधी फोटो काढून ठेवा. 'कोड क्लिअर केले, आता बघा चालवून' हे वाक्य ऐकलं की समजायचं, पुरावा पुसला गेला. तुमच्याकडे आधी कुणी मिटवले असतील तर घाट पुन्हा एकदा चढून ते परत येऊ द्यावे लागतील. पी०३०० म्हणजे मिसिंग इकडे तिकडे, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरचा सिलिंडर. चालत्या गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या मिसिंगचा आकडाही दिसतो. शेजारी कुणाला तरी लॅपटॉप घेऊन बसवा, स्वतः दोन्ही करू नका.

समजा पी०३०२ आला. या गाडीत पहिला सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, टायमिंग चेनकडे, चौथा गिअरबॉक्सकडे. दुसऱ्याची कॉइल काढून तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. प्लग जागचे हलवू नका. परत घाट. कोड आता पी०३०३ झाला तर कॉइल गुन्हेगार, विषय संपला. पी०३०२ च राहिला तर मग प्लगची अदलाबदल करा. दोन्ही करून कोड दुसऱ्यालाच चिकटून राहिला तर इंजेक्टर, वायर किंवा कॉम्प्रेशन, आणि तिथून पुढे गॅरेजचं काम. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल, फिल्टर, सेन्सर सगळं एकदम नवीन टाकलं की गाडी बरी होते, पण कशानं बरी झाली ते कुणालाच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच खेळ पुन्हा.

कॉइल काढताना गाडी थंड असू द्या. घाट उतरून आल्या आल्या उपसायला गेलात तर गरम रबर प्लगला चिकटलेलं असतं, वरचं प्लास्टिक हातात येतं आणि रबर आत राहतं. कनेक्टरचं कुलूप जुन्या गाडीत बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, आधी कनेक्टर आत दाबा, मग कुलूप दाबून मागे ओढा. प्लग काढायच्या आधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली माती सरळ सिलिंडरमध्ये. नवे प्लग हातानं फिरवत बसवायचे आणि शेवटी टॉर्क रेंच. हेड ॲल्युमिनियमचं आहे, 'हाताच्या अंदाजानं' आवळणारे फिटर मी बघितलेत आणि त्यांनी खराब केलेले आटेही. नव्या प्लगची गॅप साधारण ०.७ मिमीच्या आसपास असते, तरी मोजून बघा. डबा पडला असेल तर ती हललेली असते. घाटात चालणाऱ्या टर्बो पेट्रोलचे प्लग मी ४०,००० किमीला बदलतो. तुमच्या गाडीला ७१,००० झाले आणि प्लगचं बिल तुमच्याकडे नसेल, तर ते मूळचेच असण्याची शक्यता भरपूर.

कॉइल बघताना वायरिंगवरही टॉर्च मारा. तुम्ही कृष्णाकाठचे, घराशेजारी ऊस असणारच. तोड सुरू झाली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात आणि उबेला इंजिनावर येऊन बसतात. गेल्या हंगामात इस्लामपूरकडच्या एका गाडीत कॉइलच्या वायरचं वरचं आवरण कुरतडलेलं, आतली तार उघडी, आणि इंजिनाच्या प्लास्टिक कव्हरखाली उसाच्या चोयट्यांचं व्यवस्थित घरटं. ती गाडी फक्त पावसात मिसिंग मारायची. त्यांनी दोन कॉइल आधीच बदलल्या होत्या.

ठिणगी ठीक निघाली तर हवेकडे वळा. इथं आपल्या भागाची एक गंमत आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १,०१३ मिलिबार. साताऱ्यात तो ९३० च्या आसपास येतो, महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर ८६० च्या आसपास. संगणकाला मात्र सिलिंडरमध्ये ठरलेलाच दाब हवा असतो. तो भरून काढायला टर्बो वरती जास्त जोरात फिरतो. म्हणजे इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपला बारीक गळती असेल तर खाली टर्बो ती झाकून नेतो, वर पाचगणीच्या पुढं त्याची झाकायची ताकद संपते आणि पी०२९९ येतो : दाब कमी पडला. 'सांगलीत पळते, महाबळेश्वरात मरते' या तक्रारीत नव्वद टक्के काळी जादू नसते, असते ती एक छोटीशी रबरी रिंग. पाइपचे जोड हातानं चाचपा. जोडाबाहेर तेलाची ओलसर काळी धूळ बसली असेल तर तिथून हवा जाते. खात्री करायची तर टर्बोच्या तोंडाशी झाकण लावून अर्धा बार हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. नंतर स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी लावून तिसऱ्या गिअरला अडीच हजारापासून साडेचार हजार आरपीएमपर्यंत एक ओढ घ्या. वेग शंभराच्या आसपासच राहतो, त्यासाठी हायवेवर मर्दुमकी दाखवायची गरज नाही. दोन रेषा एकमेकींना धरून चालल्या तर टर्बोला दोष देऊ नका.

याच घरातला आणखी एक चोर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा पीसीव्ही, तेलाची वाफ परत इंजिनात सोडणारा. त्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन नको तिथून हवा ओढतं. गाडी आयडलला ठेवून तेलाचं झाकण उघडा. हलकी ओढ असते, इंजिन थोडं डगमगतं, ते ठीक. झाकण जोरात चिकटून बसलं, किंवा आधी शिट्टीसारखा आवाज येत होता आणि झाकण उघडताच थांबला, तर पडदा फाटलाय.

पेट्रोलबद्दल दोनच शब्द. टाकीच्या झाकणाच्या आत ऑक्टेनचा आकडा लिहिलाय, तो पाळा. लॉगमध्ये, म्हणजे स्कॅनरनं चालत्या गाडीत नोंदवलेल्या आकड्यांत, ठिणगीचं टायमिंग मागे ओढल्याचा आकडा चारही सिलिंडरला सारखाच मोठा दिसला तर पेट्रोल बदलून बघा. एकाच सिलिंडरला दिसला तर पेट्रोल निर्दोष.

आता 'धप्प'. हा आवाज निघताना आणि पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना येतो का? ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला तरी येतो का? बहुतेक हो. इंजिन आणि गिअरबॉक्स वरच्या दोन माउंटिंगवर लटकलेले असतात आणि खाली एक छोटा दांडा त्यांना मागे-पुढे झुलण्यापासून धरून ठेवतो. त्याला डॉगबोन म्हणतात. आपल्याकडे बरेच जण सगळ्याच माउंटिंगना सरसकट फाउंडेशन म्हणतात, ते खालचं फाउंडेशन. त्याचं रबर फाटलं की टॉर्क आला रे आला की सगळं इंजिन एक उडी मारतं. आत बसलेल्याला वाटतं गिअर आदळला. गाडी लिफ्टवर घ्या, टॉमीनं तो दांडा हलवून बघा. रबराला चीर दिसेलच. नवीन ओरिजिनल घ्या, बोल्टही नवीन घ्या, ते एकदाच आवळायचे असतात. कडक पॉलियुरेथेनचं टाकू का, असं पोरं विचारतात. टाका, पण मग आयडलला स्टेअरिंग आणि सीट थरथरली तर माझ्याकडे येऊ नका. लिफ्टवर आहेच तर ड्राइव्ह शाफ्टची रबरी बूट बघून घ्या. फाटली असतील तर ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे असतात. पूर्ण स्टेअरिंग वळवून निघताना 'कट-कट-कट' आलं तर बाहेरचा जॉइंट गेलेला असतो. तेवढंच.

आणि अखेर तो बिचारा गिअरबॉक्स. तुमच्या गाडीत सहा गिअरचा, ओल्या क्लचचा डीक्यू२५० आहे. इंटरनेटवर डीएसजीच्या नावानं जी रडारड आहे तिचा बराचसा भाग सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० चा आहे, तो वेगळा डबा. तुमच्यात दोन क्लच आहेत : एक १, ३, ५ आणि रिव्हर्ससाठी, दुसरा २, ४, ६ साठी. हिसका फक्त सम किंवा फक्त विषम गिअरला येत असेल तर ती फार कामाची माहिती आहे, लिहून ठेवा. क्लच, गिअर आणि मेकॅट्रॉनिक एकाच ऑइलमध्ये पोहतात. क्लचची झीज त्याच ऑइलमधून फिरते आणि मेकॅट्रॉनिकच्या बारीक व्हॉल्व्हपर्यंत जाते. म्हणून दर ६०,००० किमीला ऑइल आणि फिल्टर. घाटवाल्यांना मी ४०,००० सांगतो.

जुन्या मालकाकडून ६० हजाराच्या सर्व्हिसचं बिल मागवा आणि नुसतं 'डीएसजी ऑइल चेंज' वाचून समाधान मानू नका. किती लिटर, ते वाचा. आत एकूण सात लिटरच्या वर ऑइल असतं, त्यातलं पाच-साडेपाच लिटर बदलताना निघतं. बिलावर पाच-सहा लिटर आणि फिल्टर दिसायला हवा. दोन लिटर दिसले तर कुणीतरी टॉप-अप करून पैसे बदलीचे घेतलेत.

बदलण्याची रीत माहीत असू द्या, शेजारी उभं राहून बघता येईल. याला डिपस्टिक नाही. खालचा ड्रेन बोल्ट काढला की थोडंसंच ऑइल येतं, कारण त्याच भोकात आत एक प्लास्टिकची नळी उभी असते. ती अॅलन कीनं फिरवून काढली की मग खरं ऑइल बाहेर येतं. नळी परत बसवायची, नवीन ऑइल भरायचं, इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवून एकेक गिअर फिरवायचा. आता लेव्हल. स्कॅनरवर गिअरबॉक्स ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंशांत असताना, चालू इंजिनावर, बोल्ट उघडायचा. जादाचं ऑइल नळीवरून धार धरून पडतं, धारेचे थेंब झाले की बोल्ट बंद. सगळं कौशल्य या दहा अंशांत आहे. हायवेनं पळवत आणलेल्या गाडीचं ऑइल ऐंशीच्या घरात असतं, गरम ऑइल फुगलेलं असतं, त्या तापमानाला लेव्हल लावली तर जास्तीचं सांडतं आणि गाडी थंड झाल्यावर ऑइल कमी. म्हणून मे महिन्यात मी गिऱ्हाइकाला गाडी रात्रभर ठेवून जायला सांगतो. लोक चिडतात, "ऑइल बदलायला दोन दिवस?" चिडू देत. नंतर स्कॅनरनं क्लचची बेसिक सेटिंग करून घ्यायची. बऱ्याच गाड्यांचा शहरातला बारीक हिसका ऑइल आणि या सेटिंगनंच जातो.

निघालेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये बघा, बोटावर घ्या, वास घ्या. तपकिरी, थोडं काळवंडलेलं असणारच. जळका वास, बोटांत चकचकणारा चुरा, किंवा तळाला नखाएवढा धातूचा तुकडा आला तर मग मीच तुम्हाला गिअरबॉक्स खोलू म्हणेन. तसंच आयडलला न्यूट्रलमध्ये डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट येत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, धक्के शोषणारं दुहेरी चाक) बघावं लागतं. तोही खर्च आहेच, पण मेकॅट्रॉनिकचा नाही.

एक शंका विचारून ठेवतो. जुन्या मालकानं रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये बदल, केलाय का? सेकंडहँड व्हीआरएस म्हटल्यावर हा प्रश्न मी पहिल्या चहालाच विचारतो. कंपनीचा टॉर्क ३५० आणि हा गिअरबॉक्सही तेवढ्याच टॉर्कच्या हिशेबानं बनवलेला. साधा स्टेज वन मॅप (पार्ट न बदलता फक्त प्रोग्रॅम बदलणारा) तो चारशेच्या पुढे नेतो. इंजिन ते सोसतं. गिअरबॉक्सचा मॅप मात्र जुनाच ठेवला तर क्लचवरचा दाब जुन्याच हिशेबानं राहतो, आणि मग वर सांगितलेला पळता काटा दिसायला लागतो. मी रीमॅपच्या विरोधात नाही. अर्धवट रीमॅपच्या आहे. मॅप असेल तर प्लगची गॅपही ०.६ च्या आसपास आणावी लागते आणि ते ३० हजारालाच बदलावे लागतात. लॉगमध्ये टर्बोकडून मागितला जाणारा दाबच मूळ गाडीपेक्षा वरचा दिसला तर मॅप आहे, मालक काहीही म्हणो.

चालवण्यातलंही थोडं ऐका. शनिवार-रविवारी पसरणी घाटात किंवा सप्टेंबरात कासच्या फुलांच्या गर्दीत गाड्यांची रांग लागते. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या आधारानं गाडी धरून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर धरायचो तशी. डीएसजीत ती सवय म्हणजे क्लच तव्यावर ठेवणं. पूर्ण थांबा, ब्रेक दाबून ठेवा. पुढची गाडी दोन-तीन गाड्यांचं अंतर गेली की मग निघा. मधे एखादा घुसेल, घुसू द्या. स्कॅनरवर गिअरबॉक्स ऑइल शंभरच्या वर जाताना दिसलं तर मी गाडी कडेला घेतो आणि इंजिन चालू ठेवूनच न्यूट्रलला उभी करतो, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहतं. उतरताना मॅन्युअलला दुसरा-तिसरा गिअर. 'डी'मध्ये सोडून ब्रेकच्या जिवावर वाईत उतरू नका.

वर पोचल्यावर गाडी बंद केली तरी पंखा आणि छोटा पंप काही मिनिटं चालू राहतो. तो टर्बोसाठी आहे, बॅटरीची वायर काढायला धावू नका. बॉनेट उघडलंच तर इनटेक मॅनिफोल्डखाली, गिअरबॉक्सच्या बाजूला टॉर्च मारा. तिथं वाळलेल्या गुलाबी रंगाची पापडी दिसली तर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचा प्लास्टिक डबा पाझरतोय. कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्याला जो पांढरा थर येतो तोच रेडिएटरमध्ये येतो. इंजिन ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मान्यतेचं, दहा हजार किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते.

तुमच्यासाठी कामाचा क्रम मग असा धरा. या आठवड्यात दोन्ही संगणकांचे कोड, फोटोसकट. मग पहाटेचा घाट, 'डी' आणि तिसरा गिअर. मग कॉइलची अदलाबदल, प्लग. त्याच वेळी लिफ्टवर खालचं माउंटिंग. हे सगळं झाल्यावर गिअर ऑइल, कारण ते तसंही देणं आहेच. यानंतरही हिसका राहिला तर गिअरबॉक्सचा लॉग घेऊन या, मग बसू.

जुने प्लग फेकू नका. एकेक कागदात गुंडाळा, वर १ ते ४ नंबर घाला आणि येताना सोबत आणा. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे कळलं नाही तर ते माझ्या काही कामाचे नाहीत.